जाहीर सूचना आणि सार्वजनिक वाचनालय : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास बहुधा ग्रंथसंख्या, संस्थापकांची दूरदृष्टी, इमारतीचा निधी आणि सभासदांची वाढ यांच्या अंगाने लिहिला जातो. शतकमहोत्सवी स्मरणिकांतून हीच मांडणी आढळते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. कोणत्याही वाचनालयात प्रवेश करताच दोन वेगळ्या सेवा दिसतात. एक देवघेव विभाग. तेथे अनामत रक्कम व मासिक वर्गणी भरणाऱ्या सभासदाला पुस्तक घरी नेता येते. दुसरा मुक्तद्वार विभाग. तेथे कोणीही यावे, दैनिके चाळावीत आणि निघून जावे. पहिल्या विभागामुळे संस्थेची प्रतिष्ठा वाढते. तिच्या नावातील 'सार्वजनिक' हा शब्द मात्र दुसऱ्या विभागामुळे सार्थ होतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विभागाचा विचार रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीच्या संदर्भात केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे : शासन आपला निर्णय वृत्तपत्रात प्रसिद्ध करते आणि प्रसिद्ध झालेली गोष्ट लोकांना कळली असे कायदा गृहीत धरतो. वृत्तपत्र विकत न घेणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरण्यासाठी एखादी संस्था लागते. ती संस्था म्हणजे सार्वजनिक वाचनालय. या भूमिकेतून पाहिल्यास वृत्तपत्र वाचावयास मिळणे ही वाचनालयाची दुय्यम सोय न राहता नागरी हक्काशी निगडित अशी सेवा ठरते.

बंदर, बोट आणि बातमी

कुलाब्याचे आंग्रे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. अलिबाग, पेण, उरण हा भाग ब्रिटिश अमलाखाली होता. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळे हा प्रदेश मात्र १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत जंजिऱ्याच्या नबाबाकडे होता. किनारा एक, पण राज्यव्यवस्था दोन, अशी ही स्थिती होती. या किनाऱ्याला बांधून ठेवणारे सूत्र होते मुंबईचे. गिरण्या, गोदी आणि घरकाम यांसाठी गेलेला चाकरमानी, त्याची मनिऑर्डर आणि त्याच्याबरोबर येणारी बातमी, या तिन्ही गोष्टींना दीर्घकाळ जलमार्ग हाच प्रमुख मार्ग होता. रेवस व धरमतर येथे उतरून प्रवासी आणि टपाल पुढे अलिबाग-पेणकडे जात असे. पावसाळ्यात दक्षिणेकडील उघड्या बंदरांची वाहतूक थांबली की बातमीही थांबत असे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. पोहून किनारा गाठलेल्यांच्या तोंडून ही वार्ता मुंबईला कळली. मुंबई डोळ्यांसमोर दिसत असूनही हा किनारा बातमीच्या दृष्टीने किती दूर होता, याची कल्पना या घटनेवरून येते.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने झाला. वाचनालयांचा उदयही साधारण याच काळातील आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे मानले जाते. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने सुरू झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. या संस्था वर्गणीवर उभ्या राहिल्या. वकील, मामलेदार कचेरीतील कारकून, शिक्षक, व्यापारी हा त्यांचा पाया होता. वृत्तपत्राची वार्षिक वर्गणी एकट्याला परवडत नसे, म्हणून दहा जणांनी मिळून ते मागवावे, या व्यावहारिक गरजेतून अनेक गावांत वाचनालयाचे बीज पडले. ग्रंथसंग्रह त्यामागून वाढला. कोकणातील जिल्ह्यांत आजही ग्रंथालयाला बोलीभाषेत 'वाचनालय' म्हटले जाते, यात या क्रमाची खूण शिल्लक आहे.

साक्षरतेचे प्रमाण लक्षात घेता वाचनाचा अर्थही निराळा होता. १९३१ च्या जनगणनेनुसार देशात शेकडा दहा माणसेही साक्षर नव्हती. अशा समाजात एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे ही रीत स्वाभाविक होती. त्यामुळे वृत्तपत्राच्या एका प्रतीचे वाचक मोजताना डोळ्यांबरोबर कानही मोजावे लागतात.

'सार्वजनिक' या शब्दाची कसोटी : महाड

वाचनालयाच्या पाटीवर 'सार्वजनिक' लिहिल्याने ते सर्वांचे होत नाही. या शब्दाची खरी कसोटी याच जिल्ह्यात लागली. ती वाचनालयात नव्हे, तर तळ्यावर. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या यादीत वाचनालयाचा नामनिर्देश नाही, ही बाब लक्षणीय आहे. बहुतेक वाचनालये खाजगी वर्गणीवर चालत असल्याने ती 'सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या' जागांच्या व्याख्येत सहज बसतही नव्हती.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेच्या आधीची आणि नंतरची अशा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही एक उद्दिष्ट होते. आणि महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. महाडमध्ये काय घडले आणि त्याचा अर्थ काय, हे प्रस्थापित पत्रांच्या सोयीवर न सोडता स्वतः सांगण्याची गरज त्यामागे होती. पाणी, वाचनालय आणि वृत्तपत्र ही तिन्ही साधने एकाच चळवळीच्या कार्यक्रमात एकत्र येतात, हा योगायोग नव्हे. सार्वजनिक जागेवरील हक्क आणि सार्वजनिक माहितीवरील हक्क हे परस्परावलंबी आहेत, हे त्या चळवळीने ओळखले होते.

ठराव झाला, पण तो अमलात आला नाही, हा महाडचा धडा वाचनालयालाही लागू पडतो. नियमाने दार उघडे असणे आणि माणसाला आत येऊन बसण्याचे धैर्य होणे यांत अंतर असते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालविल्या जाणाऱ्या, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून मज्जाव करण्यास मनाई केली. यातील 'अंशतः' हा शब्द अनुदानप्राप्त वाचनालयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्या दिवशी वाचनालयाने शासनाचे अनुदान स्वीकारले, त्या दिवशी ते वर्गणीदारांच्या मंडळापलीकडे गेले.

चरीचा संप आणि स्थानिक वृत्तपत्र

अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातील भातशेती हे एकमेव साधन असलेल्या कुटुंबांनी जंगलातील लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून ही वर्षे काढली. १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

या लढ्याच्या काळातच, १९३७ मध्ये, 'कृषीवल' हे पत्र सुरू झाले. मुंबईच्या पत्रांतून कुलाब्याच्या शेतकऱ्याला मिळणारी जागा थोडी आणि तीही दुरून पाहणाऱ्याची. स्थानिक पत्राने गावाचे नाव, शेताचा वाद आणि सभेची तारीख छापली. वाचनालयाच्या दृष्टीने याचा परिणाम असा की तेथे जगाच्या बातमीबरोबर गावाची बातमीही येऊ लागली. वाचकाला स्वतःच्या जगण्याशी संबंधित मजकूर छापील रूपात दिसणे ही वाचनाभिरुचीची पहिली पायरी असते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे सूत्र येथे वृत्तपत्रालाही लागू करता येईल.

फैजी समिती ते १९६७ चा अधिनियम

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून शासकीय खर्चाने मोफत ग्रंथालयांचे जाळे उभे केले होते. मुंबई प्रांतात असा विचार उशिरा झाला. १९३९ मध्ये प्रांतिक सरकारने ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत टप्प्याटप्प्याची रचना या समितीने सुचविली आणि १९४७ पासून ती काही अंशी अमलात आली. जिल्हा व तालुका पातळीवर नवी शासकीय ग्रंथालये न काढता अस्तित्वात असलेल्या लोकसंस्थांना अनुदान देऊन तो दर्जा द्यावा, हे धोरण त्यातूनच रूढ झाले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून लागू झाला. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. येथे ग्रंथालयाचा खर्च शासनाच्या अनुदानावर आणि संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर अवलंबून राहिला. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या व कामाचे तास यांच्याबरोबर दैनिके आणि नियतकालिके यांची संख्या हाही वर्गवारीचा निकष ठरला. वृत्तपत्र-सेवेला अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत स्थान मिळाले. मात्र ते मोजण्याच्या बाबीचे. त्या वृत्तपत्राचा नागरिकाला कोणता उपयोग होतो, हे विचारण्याची सोय निकषात नव्हती.

जाहीर सूचना आणि जमीन

हा उपयोग किती मोलाचा असतो, हे किनाऱ्यावरील भूसंपादनाने दाखवून दिले. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी उरण-पनवेल परिसरातील जमिनी संपादित होत असताना दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १८९४ च्या भूसंपादन कायद्यात देशपातळीवर दुरुस्ती झाली. या दोन घटनांत कार्यकारणभाव मानण्याचे कारण नाही. परंतु दुरुस्तीचा आशय प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकी किमान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करणे आवश्यक ठरले. हरकत घेण्यासाठी कलम ५-अ नुसार ३० दिवसांची मुदत होती. २०१३ च्या नव्या कायद्याने दोन दैनिकांची अट कायम ठेवली आणि हरकतीची मुदत ६० दिवस केली.

या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्या शेतकऱ्याच्या हाती ते विशिष्ट दैनिक त्या विशिष्ट दिवशी पडत नाही, त्याची मुदत त्याच्या नकळत सुरू होते. घरी एखादे दैनिक येत असले तरी सूचना दुसऱ्याच दैनिकात असू शकते. अनेक दैनिके एकाच ठिकाणी, विनामूल्य आणि मागील काही दिवसांच्या अंकांसह पाहावयास मिळणे ही सोय गावात अन्यत्र कोठेही नसते. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे रंगनाथन यांचे चौथे सूत्र येथे अगदी शब्दशः खरे ठरते. कारण वाचवायचे असतात ते ३० किंवा ६० दिवसांतील दिवस.

पुढील काळात कायद्यानेच वाचनालयाचा उल्लेख केला. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून देणे बंधनकारक झाले आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश निवडक कार्यालये, सार्वजनिक ग्रंथालये अथवा अन्य योग्य ठिकाणी पाहण्यास उपलब्ध करण्याची व्यवस्था सांगितली गेली. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्येही, लोकांसाठी वाचनकक्ष वा ग्रंथालय चालविले जात असल्यास त्याच्या वेळा जाहीर करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. माहिती असलेला शेतकरी आपले मत नोंदवू शकतो, हे त्या दिवशी दिसले. तशी माहिती नियमितपणे मिळण्याची व्यवस्था मात्र आंदोलनाच्या बळावर सोडता येत नाही.

सेवेची आजची स्थिती

या सेवेमागील आर्थिक बळ तपासणे आवश्यक आहे. २०१२ मधील वाढीनंतर 'ड' वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ६० टक्के वाढीने ते ४८,००० रुपये झाले, म्हणजे दरमहा ४,००० रुपये. या रकमेत ग्रंथपालाचे मानधन, ग्रंथखरेदी, वृत्तपत्रांची देयके, वीज आणि जागा यांचा मेळ घालावयाचा असतो. अशा स्थितीत खर्च कमी करताना पहिली कात्री दैनिकांच्या संख्येला लागणे किंवा महिनाअखेर अंक रद्दीत जाणे हे अपरिहार्य होते. रद्दीच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न किरकोळ असते. त्याबरोबर जाणारा स्थानिक इतिहास मात्र पुन्हा मिळत नाही. कोणती सूचना कोणत्या दिवशी प्रसिद्ध झाली, याचा पुरावाही त्यातच जातो. किनाऱ्यावरील दमट हवा, कसर आणि वाळवी यांमुळे जपून ठेवलेल्या फायलींचे आयुष्यही कमी असते. महाडसारख्या वारंवार पूर येणाऱ्या शहरात हा धोका अधिकच आहे.

भ्रमणध्वनीच्या काळात वृत्तपत्र-कक्षाची गरज संपली, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः अग्राह्य नाही. शासकीय अधिसूचना आता संकेतस्थळांवरही असतात. परंतु २०२० मधील अनुभव याबाबत बोलका आहे. मार्चपासून टाळेबंदीमुळे वाचनालये बंद होती. आरंभीच्या काळात वृत्तपत्रांचे घरोघरी वितरणही खंडित झाले होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. वीजवाहिन्या आणि भ्रमणध्वनीचे मनोरे कोसळले. श्रीवर्धन-मुरुड भागातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात व संपर्काबाहेर राहिली. पंचनामे, नुकसानभरपाईचे निकष आणि अर्जांच्या मुदती यांची माहिती सर्वाधिक निकडीची होती, नेमक्या त्या वेळी वीज नसतानाही वाचता येणारा कागद आणि तो एकत्र ठेवणारी जागा, दोन्ही उपलब्ध नव्हते. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पासून पुन्हा उघडण्यास अनुमती मिळाली. आपत्तीच्या काळात वाचनालयाला अत्यावश्यक सेवेत कोठे स्थान आहे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

दुसरे असे की, संकेतस्थळावर माहिती असणे म्हणजे ती सापडणे नव्हे. सूचनेची भाषा कायद्याची असते आणि सर्वेक्षण क्रमांकांची यादी बारीक टंकात असते. ती पाहून 'हे तुमच्या गावचे आहे' असे सांगणारा माणूस लागतो. अनुभवी ग्रंथपाल हे काम कोणत्याही नियमात लिहिलेले नसताना करीत असतो.

निष्कर्ष

१. किनारपट्टीवरील वाचनालयांचा इतिहास ग्रंथसंग्रहाइतकाच बातमीच्या वाटपाचा इतिहास आहे. सामूहिक वृत्तपत्र-वाचनाची गरज ही या संस्थेची एक मूळ प्रेरणा होती.

२. 'सार्वजनिक' या शब्दाला आशय मिळाला तो संस्थांच्या घटनेतून नव्हे, तर महाड आणि चरी येथील लढ्यांतून व पुढे राज्यघटनेतून. शासकीय अनुदानाने वाचनालयावर सर्वांसाठी खुले राहण्याचे दायित्व येते.

३. भूसंपादन, पर्यावरण आणि माहितीचा अधिकार यांविषयीचे कायदे वृत्तपत्र व वाचनालय यांना गृहीत धरून रचलेले आहेत. अनुदानाची व्यवस्था मात्र या जबाबदारीची दखल घेत नाही. जाहीर सूचनांची नोंदवही ठेवणे आणि स्थानिक दैनिकांच्या फायली किमान दहा वर्षे जतन करणे, या बाबी वर्गवारीच्या निकषांत समाविष्ट झाल्यास ही विसंगती कमी होईल.

४. महाविद्यालयीन ग्रंथालये आणि इतिहास विभाग यांना येथे निश्चित कार्य आहे. परिसरातील वाचनालयांत शिल्लक असलेल्या वृत्तपत्रांची सूची करणे व जीर्ण अंकांचे संगणकीय छायाचित्रण करणे हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून अल्प खर्चात होऊ शकते. त्यातून संशोधनाची साधने वाचतील आणि गावातील नागरिकाला, गरज पडेल त्या दिवशी, आपल्या जमिनीविषयी काय छापले गेले होते ते पाहता येईल.